रोजच्या बॅकअपची घडी: रेस्टिक वापरून तीन सर्व्हर एका ओळीत कसे आणले

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. गणपती पेठेतल्या ज्या हळदीच्या अडत दुकानाचं संगणकाचं काम मी बघतो, तिथला सर्व्हर टेबलाखाली होता, तो गेला. तरी मी निर्धास्त होतो. रोज रात्री ११ वाजता बॅकअप होत होता आणि त्याची डिस्क वर माळ्यावर होती. पाणी ओसरल्यावर डिस्क जोडली. रोजची फाइल तारखेनिशी हजर, एकही दिवस चुकलेला नाही. आणि प्रत्येक फाइल २० बाइटची.

फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला आत काहीच मिळालं नाही तरी ते एक रिकामी फाइल बांधून देतं, तिचं वजन २० बाइट भरतं. एप्रिलमध्ये मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, रोज फसत होता, पण पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या साखळीच्या) शेवटी बसलेलं जीझिप आपलं काम बिनचूक उरकत होतं, त्यामुळे सगळी कमांड यशस्वी ठरत होती. दिवाणजींनी पाणी शिरायच्या आदल्या रात्री वह्या आणि हिशेबपट्ट्यांचे गठ्ठे माळ्यावर चढवले होते म्हणून दुकान वाचलं. चार महिन्यांच्या नोंदी त्या कागदांवरून परत भरता भरता दिवाळी आली.

त्यानंतर बसवलेली घडी इथे पायरीपायरीनं देतो. सगळ्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाकायच्या.

काय कुठे आहे

माझ्याकडे तीन सर्व्हर आहेत. पहिला पेठेतल्या अडत दुकानाचा, मायएसक्यूएल डेटाबेसवर. दुसरा मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा, पोस्टग्रेस डेटाबेसवर. तिसरा क्लाउडवर भाड्यानं घेतलेला, त्यावर चार-पाच वेबसाइट. तिघांचा बॅकअप जातो विट्याला, एका मित्राच्या घरी ठेवलेल्या साध्या लिनक्स मशीनवर. विटा मुद्दाम निवडलं. खानापूर तालुक्याचं पठार टंचाईचं, तिथे कृष्णेचा पूर पोचत नाही. सांगलीत गावभागातून गणपती पेठेत बॅकअप नेणं म्हणजे एकाच पुरात दोन्ही बुडवायची सोय. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवत, पण जाणता व्यापारी सगळा माल एका पेवात घालत नसे. तीच रीत इथे.

साधन म्हणून रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम घेतला. त्याच जातीचं बोर्गही उत्तम आहे आणि बऱ्याच जणांचं ते आवडतं. मला मात्र एकच सुटी फाइल टाकली की चालणारं, एसएफटीपी (दुसऱ्या मशीनवर फायली पाठवायची पद्धत) आणि एस-थ्री (क्लाउडवरची साठवण) दोन्हीशी थेट बोलणारं आणि वेळ पडली तर विंडोजवरही चालणारं काहीतरी हवं होतं. रेस्टिक डेटाचे तुकडे पाडतं आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही, त्यामुळे रोजचा बॅकअप पूर्ण असूनही जागा फक्त बदललेल्या भागाची लागते. साठवण नेहमी एन्क्रिप्ट केलेलीच असते, ती बंद करायची सोयच नाही.

एक खबरदारी आवृत्तीची. डेबियन १२ या लिनक्सच्या भांडारात रेस्टिक ०.१४ आहे आणि पुढे येणारा --रिट्राय-लॉक हा पर्याय ०.१६ पासून मिळतो. म्हणून मी अधिकृत बायनरी उतरवून घेतो आणि वेळोवेळी रेस्टिक सेल्फ-अपडेट चालवतो.

विट्याचं मशीन

तिथे रेस्ट-सर्व्हर नावाचा रेस्टिकचाच जोडीदार प्रोग्राम बसवला. सुरू करताना दोन पर्याय द्यायचेच: --अपेंड-ओन्ली आणि --प्रायव्हेट-रेपोज. पहिल्यामुळे दुकानाचा सर्व्हर नवा बॅकअप पाठवू शकतो, पण जुना पुसू शकत नाही. उद्या कुणी दुकानाच्या सर्व्हरमध्ये शिरून सगळ्या फायलींना कुलूप घातलं, तरी विट्याच्या बॅकअपला त्याचा हात पोचत नाही. दुसऱ्या पर्यायामुळे प्रत्येक सर्व्हरला फक्त आपलीच रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचं कोठार, दिसते. इंटरनेटवर हे मशीन उघडं नाही. चारही यंत्रं वायरगार्ड या व्हीपीएनच्या खासगी बोगद्यातून एकमेकांशी बोलतात.

तिघांसाठी एकच रिपॉझिटरी करता येते आणि जागाही थोडी वाचते. मी वेगळ्याच ठेवल्या. लॅबचे रुग्णांचे अहवाल आणि अडत्याचा हिशेब एका पासवर्डखाली असू नयेत, इतकं साधं कारण आहे.

प्रत्येक सर्व्हरवर रिपॉझिटरीचा पत्ता आणि पासवर्डच्या फाइलचा पत्ता रेस्टिक_रिपॉझिटरी आणि रेस्टिक_पासवर्ड_फाइल या दोन व्हेरिएबलमध्ये द्यायचा. पासवर्डची फाइल रूटच्या (मुख्य युजरच्या) मालकीची, परवानगी ६००, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते. मग एकदाच रेस्टिक इनिट. आणि त्याच दिवशी, दुसरं काहीही करण्याआधी, रेस्टिक की अ‍ॅड चालवून दुसरा पासवर्ड तयार करायचा, कागदावर स्वच्छ अक्षरात लिहायचा, पाकिटात घालून मालकांच्या हातात द्यायचा. पासवर्ड हरवला तर रेस्टिक कुणालाच आत घेत नाही, तुम्हालाही नाही. मागच्या दारानं जायची वाट नाही.

पहिला बॅकअप इंटरनेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. लॅबचा डेटा १८० जीबी होता. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर नुसतं गणित २० तासांचं होतं, तेही लाइन एकदाही न तुटता. रिपॉझिटरी म्हणजे शेवटी साध्या फायलींचं फोल्डर. मी ती मिरजेतच पोर्टेबल डिस्कवर तयार केली, डिस्क घेऊन तासगावमार्गे विट्याच्या एसटीत बसलो आणि तिकडे फोल्डर जसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या रात्रीपासून फक्त फरक जाऊ लागला.

रात्रीची स्क्रिप्ट

बहुतेक जण डंपला एक क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी नोंद), बॅकअपला दुसरा क्रॉन लावतात: ११ वाजता डंप, साडेअकराला बॅकअप. यात एक अंदाज लपलेला असतो, की डंप अर्ध्या तासात संपेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीचे सौदे जोरात असतात, नोंदी फुगतात, एखाद्या रात्री डंप चाळीस मिनिटं घेतो आणि बॅकअप अर्धवट फाइल उचलतो. घड्याळाच्या भरवशावर पायऱ्या जोडू नयेत. आधीची पायरी नीट संपली तरच पुढची, हे एकाच स्क्रिप्टमध्ये बांधायचं.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सेट -ईयू -ओ पाइपफेल. माझ्या २० बाइटच्या फायलींना हा एक शब्द, पाइपफेल, पुरेसा होता: पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर सगळी ओळ फसली असं तो धरतो. त्याखाली एफलॉक -एन, म्हणजे कालची स्क्रिप्ट अजून चालू असेल तर आजची मुकाट्यानं दुसरी प्रत सुरू करणार नाही.

मग डंप. मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलडंपला --सिंगल-ट्रान्झॅक्शन द्यायचं. इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं आणि दुकानातलं काम अडत नाही. पोस्टग्रेससाठी पीजी_डंप. डंप आधी तात्पुरत्या नावानं लिहायचा आणि तपासून मगच खऱ्या नावावर हलवायचा. तपासायचं काय? शेवटची ओळ. मायएसक्यूएलडंप पूर्ण झालं तर फाइलच्या तळाला 'डंप कम्प्लिटेड' असा शेरा टाकतं, पीजी_डंपच्या साध्या मजकुरी फाइलच्या तळालाही 'डेटाबेस डंप कम्प्लीट' असा शेरा येतो. टेलनं शेवटच्या ओळी काढून ग्रेपनं तो शेरा शोधायचा. नसेल तर तिथेच थांबायचं. याच्या जोडीला मी आकारही बघतो. डंप कालच्या निम्म्याहून लहान झाला तर स्क्रिप्ट अडते आणि मला उठवते.

डंप जीझिप करू नका. सवयीनं हात तिकडे जातो, पण दाबलेल्या फाइलमध्ये एक नोंद बदलली की पुढचे सगळे बाइट बदलतात, रेस्टिकला जुने तुकडे ओळखता येत नाहीत आणि रोज सगळा डंप नव्यानं साठवला जातो. रेस्टिक ०.१४ पासून स्वतःच डेटा दाबून ठेवतं. त्याचं काम त्याला करू द्या.

आता बॅकअप: रेस्टिक बॅकअप, पुढे डंपचं फोल्डर, सेटिंगचं ईटीसी फोल्डर आणि अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर, शेवटी --टॅग रोज. पेठेतली लाइन एकच आणि दुकान लवकर उघडतं, म्हणून तिथे --लिमिट-अपलोडही लावलंय. हा आकडा केआयबी प्रति सेकंदात असतो, एमबीपीएसमध्ये नाही.

रेस्टिक काम संपवताना जो आकडा परत देतं त्याकडे लक्ष द्या. शून्य म्हणजे सगळं ठीक. १ म्हणजे बॅकअप झालाच नाही. ३ म्हणजे स्नॅपशॉट (त्या वेळच्या बॅकअपची नोंद) तयार झाला, पण काही फायली वाचता आल्या नाहीत. हा ३ फसवा आहे. यादीत स्नॅपशॉट दिसतो, तारीख बरोबर असते आणि आत नेमकं हवं ते नसतं. मी ३ ला अपयशच धरतो.

वेळापत्रक आणि एकेरी मार्ग

क्रॉनऐवजी सिस्टमडीचा (लिनक्समधली कामं सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर वापरतो, दोन कारणांनी. पहिलं, वीज. दुकान बंद करताना कुणी मेन स्विच पाडला तर क्रॉनची ती रात्र गेली ती गेलीच. टायमरमध्ये पर्सिस्टंट=ट्रू लिहिलं की मशीन चालू झाल्याबरोबर चुकलेलं काम सुरू होतं. अर्थात ते नेमकं सौद्याच्या गडबडीत सुरू होईल, म्हणून सर्व्हिसमध्ये नाइस=१९ आणि आयओशेड्युलिंगक्लास=आयडल लिहून ठेवायचं, म्हणजे बॅकअप बाकीच्या कामांना आधी वाट देतो.

दुसरं, घड्याळ. क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. तिथे रात्री २ चा म्हणून लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुटतो. टायमरच्या ओळीत वेळेपुढे एशिया/कोलकाता लिहिता येतं आणि हा घोळ मुळातच संपतो. दुकानाची ओळ अशी: ऑनकॅलेंडर=*-*-* २२:३०:०० एशिया/कोलकाता. लॅबचा १ वाजता, वेबसाइटचा ३ वाजता. सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स चालवून पुढची वेळ खरोखर तीच दिसते का, हे डोळ्यांनी बघायचं.

तिघांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या त्या विट्याच्या एका ब्रॉडबँडवर तिघं एकदम चढू नयेत म्हणून. खरा पेच वेगळा आहे. तो आहे साफसफाईचा.

रेस्टिक काम करताना रिपॉझिटरीच्या लॉक्स फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवतं. बॅकअपची चिठ्ठी सामायिक असते, एका वेळी अनेक बॅकअप चालतात. पण जुना डेटा काढून टाकणारं प्रून ही सगळी रिपॉझिटरी एकट्यासाठी मागतं. एकेरी रेल्वेमार्गावर ज्याच्या हातात टोकन त्याचीच गाडी, बाकीच्यांनी स्टेशनात थांबायचं, तसंच. बॅकअप आणि प्रून समोरासमोर आले की दुसरा येणारा अपयशी होऊन परत जातो. म्हणून रात्रीच्या बॅकअपला --रिट्राय-लॉक ३०एम द्यायचं, म्हणजे लॉक सुटायची तो अर्धा तास वाट बघेल. आणि प्रून रविवारी पहाटे ५ ला ठेवायचं, तोवर तिन्ही गाड्या पोचलेल्या असतात.

मध्येच वीज गेली तर चिठ्ठी तशीच राहते. ती काढायला रेस्टिक अनलॉक. हे फक्त बेवारस लॉक काढतं. अर्ध्या तासाहून जुनं, किंवा ज्या मशीनवरून चालवता तिथलीच मेलेली प्रक्रिया असेल तर तिचं. त्याला --रिमूव्ह-ऑल लावायचा मोह कितीही झाला तरी स्क्रिप्टमध्ये ते लिहू नका. चालू प्रूनच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होईल.

जुनं काढणं

सर्व्हरांना पुसायची परवानगी नाही, म्हणून फर्गेट (जुने स्नॅपशॉट यादीतून काढणारं) आणि प्रून विट्याच्या मशीनवरच चालतं: रेस्टिक फर्गेट --कीप-डेली १४ --कीप-वीकली ८ --कीप-मंथली २४ --प्रून. दोन वर्षांचे महिने ठेवतो, कारण हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं आणि प्रश्न त्यानंतर निघतात.

इथे दोन खड्डे आहेत. एकात मी स्वतः पडलो, तो आधी सांगतो. फर्गेट स्नॅपशॉटचे गट पाडतं, होस्ट आणि फोल्डरच्या पत्त्यांनुसार, आणि कीपचे नियम प्रत्येक गटाला वेगळे लावतं. मी डंपचं फोल्डर रोज तारखेच्या नावानं करायचो. पत्ता रोज नवा, म्हणून गट रोज नवा, आणि त्या गटातला एकुलता एक स्नॅपशॉट अर्थातच राखला जाई. सहा महिन्यांत एकही स्नॅपशॉट गेला नाही, डिस्क भरली. डंपचं नाव रोज तेच ठेवा. तारीख सांभाळायला स्नॅपशॉट आहेच. नियम बदलला की आधी --ड्राय-रन लावून कोण राहतंय, कोण जातंय ते वाचा.

दुसरा खड्डा मालकीचा. रेस्ट-सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो. प्रून रूटनं चालवलं तर नव्या फायली रूटच्या होतात आणि त्या रात्री सर्व्हरांना रिपॉझिटरी वाचता येत नाही. प्रून त्याच युजरनं चालवायचं.

प्रूननंतर लगेच रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=५%. साधं चेक फक्त रचना तपासतं. हा पर्याय दिला की साठवलेल्या डेटाचा तेवढा हिस्सा खरोखर वाचून बघितला जातो. जुन्या डिस्कचं दुखणं इथेच कळतं.

ओरडायचं कधी

अपयशाचा निरोप सगळेच लावतात. सिस्टमडीत ऑनफेल्युअर लिहून तो पाठवता येतो, लावाच. पण जे मशीनच बंद आहे ते अपयशाचा निरोप कसा पाठवेल? म्हणून उलट बाजूनं बांधायचं. स्क्रिप्टची अगदी शेवटची ओळ, सगळं पार पडल्यावर, कर्लनं बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लावते. ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही तर तिकडून मला मेसेज येतो. हेल्थचेक्स.आयओ हेच काम करतं, आणि ते स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. मी दुकानासाठी रोज आणि दोन तासांची सवलत असं ठेवलंय.

यशाचा रोजचा ईमेल मात्र मी बंद केला. १५ दिवसांनी तो कुणी उघडत नाही.

परत आणून बघणं

इथवर केलेलं सगळं या पायरीसाठी आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानातला बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवतो: रेस्टिक रिस्टोर लेटेस्ट --टार्गेट आणि पुढे रिकामं फोल्डर. डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो, हिशेबाचा प्रोग्राम त्याला जोडतो. मग मालकांकडे जातो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी त्यांना टेबलांतल्या नोंदींची संख्या दाखवत होतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते राहू दे. परवाच्या सौद्याची एक पट्टी काढून दाखव की." काढली. दिवाणजींनी कपाटातून कागदी प्रत आणली, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचली: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, निव्वळ रक्कम. निव्वळ रक्कम जुळली तेव्हा त्यांनी मान हलवली. तेव्हापासून तपासणी अशीच होते. पट्टी कुठली काढायची ते दिवाणजी सांगतात, मी नाही.

उतरवायला किती वेळ लागला तेही एका वहीत लिहितो. दुकानाचं काम ४० मिनिटांत होतं. लॅबचं पूर्ण उतरवायला विट्याहून जवळजवळ दिवस जातो, म्हणून त्यांच्या मिरजेतल्याच मशीनवर रेस्टिक कॉपीनं दुसरी प्रत ठेवली. दुसरी रिपॉझिटरी बनवताना इनिटला --कॉपी-चंकर-परॅम्स द्यायचं, नाहीतर दोन्हीकडचे तुकडे वेगवेगळ्या जागी कापले जातात आणि सारखा डेटा दोनदा साठतो.

पावसाळ्याचं पान

वहीच्या पहिल्या पानावर आयर्विन पुलाच्या पातळीप्रमाणे कामं लिहिली आहेत. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही त्याआधीच हलतो.

३० फूट: टायमर रोज रात्रीऐवजी दर सहा तासांनी. पाकीट जागेवर आहे का, ते अण्णांना विचारायचं.

३५ फूट: हातानं एक बॅकअप घ्यायचा, हजेरी लागलेली बघायची, त्यातली एक पट्टी उतरवून दिवाणजींना दाखवायची.

३८ फूट: शेवटचा बॅकअप, सर्व्हर रीतसर बंद, वायरींना चिठ्ठ्या लावून मशीन गाडीत. विश्रामबागेत माझ्या घरी. दिवाणजींच्या वह्या त्याच गाडीत.